नळीवरचा लेप

मॅडम टेबलाशी इतक्या वाकायच्या की हनुवटी लाकडाला टेकायची. डावा डोळा मिटलेला, उजवा समोरच्या नळीच्या तुकड्यावर. मी ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब त्या तुकड्यावर सोडायचा आणि त्यांनी श्वास धरून बघायचं. थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला तर त्या काही बोलायच्या नाहीत. पसरून चपटा झाला तर म्हणायच्या, "बसला मामा, बसला!"

बसला म्हणजे थेंब नव्हे, लेप. लेप नीट बसला असेल तर पाणी त्याच्यावर पसरतं आणि नसेल तर गोळा होऊन राहतं, हे मला त्यांनीच शिकवलं.

मामा म्हणजे मी. नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. याच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास झालो आणि याच प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. ज्या बाटल्यांनी मला नापास केलं त्याच बाटल्या इतकी वर्षं पुसतोय. तुम्ही शिकलात त्या कॉलेजातही असा एखादा मामा असेलच, आठवून बघा.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. ज्यांना ही भानगड ठाऊक नसेल त्यांना सांगतो: दरवर्षी नव्याने मुलाखत, दरवर्षी नव्याने नेमणूक, आणि परीक्षा संपली की घरी. पीएच.डी. झालेली, पण स्टाफरूममध्ये स्वतःची खुर्ची नाही. त्या तिथं बसायच्याच नाहीत. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातलं एक लोखंडी स्टूल त्यांनी आपलं मानलं होतं. त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. ती घडी झिजली की मी बदलायचो. एवढीच काय ती त्यांची कायम सोय.

तास संपले की त्या लेपाच्या मागे लागायच्या. लेप कशाचा, ते मला समजायला वर्ष गेलं. लघवी तुंबणाऱ्या माणसाला दवाखान्यात जी नळी बसवतात, ती सिलिकॉनची असते. शरीरात गेली की तासाभरात तिच्यावर शरीरातल्याच द्रव्यांचा पातळ थर बसतो. त्या थरावर जंतू बसतात, बुळबुळीत चिकटा तयार करतात आणि त्या चिकट्याखाली सुखात राहतात. औषध वरून वाहून जातं, खाली पोहोचत नाही. मॅडमना नळीवर पॉलिमरची अशी दाट लव उगवायची होती की जी पाणी घट्ट धरून ठेवील. पाण्याचा तो पापुद्रा मध्ये राहिला की कुणालाच पाय रोवता येत नाही.

"गोदावरीच्या घाटावर पावसाळ्यात पाय ठरतो का, मामा?"

"कुठला ठरतोय! घसरून पडतो माणूस."

"तसं जंतूंचं करायचं. मारायचं नाही. ठरू द्यायचं नाही."

एक सवय मात्र विलक्षण होती. निकाल चांगला येवो की वाईट, आधी वहीत चढवायचा. हसायचं, रडायचं ते नंतर. एकदा पाणी शुद्ध करायच्या मशीनचा पाइप फुटून दोघेही भिजलो, मी फडकं शोधतोय आणि या म्हणतात, "आधी वेळ लिहा, मामा."

हे सगळं नळीसाठीच का, हे विचारायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं. उत्तर एके दिवशी थर्मासमधून आलं. बिलोली तालुक्यातल्या आपल्या गावाहून त्या एसटीने आल्या, हातात बर्फ भरलेला थर्मास. हसू आवरत नव्हतं. म्हणाल्या, "कंडक्टरने विचारलं, ताई, यात काय? म्हटलं, बापाची लघवी. तो म्हणाला, मग तिकीट तुमचं एकटीचंच."

त्यांचे वडील गवंडीकाम करायचे. बांधकामाच्या परांचीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून खाटेवर. लघवीला नळी, खाटेला लटकवलेली पिशवी. नळी आतून तुंबायची. जंतू लघवीचा गुणच बदलून टाकायचे आणि तिच्यातला क्षार खड्यासारखा नळीत बसायचा, बोअरच्या पाण्याने हिटरवर बसतो तसा. नळी तुंबली की पोट फुगायचं, ताप यायचा. महिन्याला बदलायची ती पंधरा दिवसांत बदलावी लागायची. बदलायच्या मॅडम स्वतःच. काढलेली नळी स्टीलच्या डब्यात घालून नांदेडला आणायच्या, ब्लेडने उभी चिरून आतला पांढरा थर भिंगाखाली बघायच्या.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गावी गेलो. बुद्धवाड्यात शेवटचं घर, दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि त्याच्याखाली मॅडमचा पदवी घेतानाचा. त्यांच्या आईने पाण्याचा तांब्या हातात धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. माझं हदगावकडचं आडनाव ऐकलं होतं त्यांनी.

"आमच्या हातचं चालतं नव्हं, भाऊ?"

मी तांब्या घेतला आणि सगळा रिकामा केला. तहान नव्हती तरी. खाटेवरून म्हातारा खदखदून हसला.

"पाव्हणं, जपून. पिलं तेवढं बाहेर पडाया पायजे. माझ्यावाणी अडकलं तं हिच्या हातात सापडाल."

तसा तो माणूस. गुडघ्यांखाली काड्या झालेल्या, पण जीभ शाबूत. मला म्हणाला, "लोकांच्या पोरी बापाच्या पुण्याईवर शिकतात. माझी मुतावर डॉक्टर झाली."

"बाबा!" मॅडम ओरडल्या.

"खोटं हाय का? इचार पाव्हण्याला."

त्यानंतर बऱ्याच वेळा गेलो. मी नळी धरायचो, मॅडम बदलायच्या. फुगलेल्या पोटाला हात लागला की म्हातारा छताकडे बघत ओरडायचा.

साध्या पाण्यात लेप उत्तम चालला. मीठ घातलेल्या पाण्यातही. जंतू सोडले, आठ दिवस ठेवले, नळी आरशासारखी स्वच्छ. त्या दिवशी मॅडमनी अख्ख्या विभागाला चिवडा वाटला. विभागप्रमुख सरांनी पाठीवर हात ठेवला. मग वडिलांची लघवी आणून त्यात दोन तुकडे टाकले, एक साधा आणि एक लेपाचा.

तिसऱ्या दिवशी दोन्ही बाहेर काढले. दोन्ही पांढरे.

"ओळखा मामा, यातला लेपाचा कोणता?"

मी उलटसुलट करून बघितलं. "नाही ओळखू येत."

"मलापण नाही," त्या म्हणाल्या, आणि वही ओढून लिहायला बसल्या.

काय होत होतं ते त्यांनी शोधून काढलं. जंतू लेपावर ठरत नव्हते, ते खरंच होतं. पण आजारी लघवीत क्षाराचे कणच आधी तयार होऊन नळीवर बसायचे. लेप त्यांच्याखाली गाडला जायचा. मग जंतू क्षारावर निवांत घर करायचे. त्यांची लेपाशी गाठच पडत नव्हती. मॅडमनी लव दाट केली, उंच केली, रसायन बदललं, पुन्हा केलं. चौथा दिवस कधी दिसला नाही. एका बाजूला वर्गातले तास, दुसऱ्या बाजूला थर्मास, अशी वर्षं गेली.

प्रमुख सर म्हणाले, "मॅडम, पाण्यातले निकाल छान आहेत. तेवढ्यावर पेपर होतो. लघवीचं कशाला काढता मध्येच?"

"सर, नळी लघवीतच असते."

मॅडमनी दोन्ही निकाल घालून पेपर पाठवला. तो परत आला. तपासणाऱ्याने एकच विचारलं होतं, की जिथं वापरायचा तिथं टिकत नसेल तर या लेपाचा उपयोग काय. मॅडमनी ते मला मराठीत सांगितलं आणि म्हणाल्या, "बरोबर विचारलंय."

गावात मात्र वेगळीच हवा होती. चिवड्याची बातमी उशिरा का होईना तिथवर पोहोचली होती, तिसऱ्या दिवसाची नाही. त्या खेपेला म्हाताऱ्याच्या तोंडातून हूंही निघालं नाही. नळी बदलून झाली तसा म्हणाला, "माय, तुझा लेप झाला म्हणं. मंग मला लाव की."

मॅडम हात धूत होत्या. पाणी ओततच राहिल्या. "तसं लावता येत नाही, बाबा. आधी जनावरांवर बघावं लागतं. मग माणसासाठी समितीची परवानगी लागते."

"समिती म्हंजी कोण?"

"मोठे डॉक्टर, प्राध्यापक, वकील..."

"त्येंच्यात कुणाला नळी हाय का?"

मला हसू आलं. मॅडमना नाही.

"नाही ना? मंग त्येंला काय घाई! अन् जनावरावर बघायचं तं मला बघ. बैल तरी उभा ऱ्हातो, मी तेवढाबी न्हाई."

"नियम आहे, बाबा."

"हाव. नियम हाय तं हाय," म्हातारा म्हणाला, आणि बायकोकडे वळून ऐटीत सांगितलं, "परवानगी आली की लावणार हाय. थांबावं लागतं. सरकारी काम हाय ते."

परतताना फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. मी म्हटलं, "मॅडम, नियम खरा आहे. पण लेप चालत नाही हे का नाही सांगितलं?"

त्या म्हणाल्या, "नळी बदलताना ते कण्हत नाहीत, पाहिलं ना तुम्ही? पूर्वी ओरडायचे. आता त्यांना वाटतं, ही शेवटचीच जुनी नळी. पुढची लेपाची. हे काढून घेऊ, मामा? आणि त्याबदली काय देऊ?"

एसटी आली. मी चढलो आणि दोघांची तिकिटं काढली. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, मला माहीत नाही.

पुढच्या पावसाळ्यात म्हाताऱ्याला थंडी वाजून ताप भरला. या खेपेचा ताप उतरेना. नांदेडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं तेव्हा लघवीतला जंतू रक्तात गेला होता. डॉक्टर भले होते, त्यांनी एकामागून एक औषधं बदलली. एकालाही जंतू दाद देत नव्हता. मी सुटी टाकून वॉर्डात बसायचो. मॅडम बापाच्या पायाशी. त्याला पाय कळत नव्हते, तरी त्या चेपत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा थोडा शुद्धीवर आला. ओठ फुटलेले. म्हणाला, "माय, आता तरी आली का परवानगी?"

मॅडम क्षणभरही थांबल्या नाहीत. "अर्ज दिलाय, बाबा. या आठवड्यात येते."

"लेखी दिला न्हवं?"

"लेखी दिलाय."

"मंग बरं हाय," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

ज्या बाईने आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नाही, तिला मी असं सरळ खोटं बोलताना पाहिलं. आवाज जराही हलला नाही. नंतर मात्र त्या व्हरांड्यात गेल्या आणि भिंतीला कपाळ लावून उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो नाही.

आठवडा पुरा व्हायच्या आत म्हातारा गेला.

त्याच व्हरांड्यात त्यांच्या आईने सगळ्यांसमोर बोलून घेतलं. रडता रडता नव्हे, कोरड्या डोळ्यांनी. "औषध लेकीच्या कपाटात व्हतं, अन् बाप सडून मेला. नियम लागला तुला! बापापेक्षा नियम मोठा?"

सगळे नातेवाईक मॅडमकडे बघत होते. मला वाटलं आता त्या बोलतील. एक वाक्य पुरलं असतं. मला बोलायचं होतं, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या बापाच्या कागदांवर सही करायला निघून गेल्या. मग गावातही हीच गोष्ट झाली. शिकलेली लेक, कपाटात लेप, आणि बापाला दिला नाही.

कॉलेजात त्या परत आल्या, तास घेतले, पण प्रयोगाला हात लावला नाही. माझ्याशी बोलणं बाटल्यांपुरतं. पुढच्या वर्षी विषयाचे तास कमी झाले आणि त्यांची नेमणूक झाली नाही. निरोप समारंभ कायम नोकरीतल्या माणसांचा होतो. त्यांनी स्वतःची भांडी घासून पालथी घातली, मला म्हणाल्या, "येते मामा," आणि जिना उतरून गेल्या. पुढे फ्रीजर रिकामा करायचा आदेश आला. त्यांच्या नळ्यांचे तुकडे, त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले, मी एकेक करून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकले. दुसरं कोण टाकणार होतं?

मधल्या काळात कळलं, त्या लातूरला आहेत, एका मोठ्या क्लासमध्ये. भाचीच्या प्रवेशासाठी लातूरला जायचं झालं तेव्हा मी तिथं गेलो. सिनेमाच्या थिएटरसारखा हॉल, शेकडो मुलं, आणि लांब पुढे कॉलरला माइक लावलेल्या मॅडम. प्रश्न पडद्यावर यायचा, त्या उत्तराचा क्रमांक सांगायच्या आणि का ते तीन वाक्यांत. तास सुटल्यावर मला बघून खूश झाल्या. समोरच्या गुऱ्हाळावर नेलं, उसाचा रस पाजला.

"बरं चाललंय, मॅडम?"

"खूप बरं. इथं चार पर्याय दिलेले असतात, मामा. त्यातला एक बरोबर असतोच."

केस पांढरे झाले होते, पण ते मी बोललो नाही. आईबद्दल विचारलं.

"जाते महिन्याला. पाणी देते, जेवायला वाढते. बोलत नाही."

"मग खरं सांगून टाका एकदा. लेप चालतच नव्हता म्हणावं. नियमाचा काही संबंध नाही."

"नको."

"अहो, पण तुमचा काय दोष?"

"नको म्हटलं ना, मामा." ग्लास खाली ठेवून त्या उठल्या. पुढच्या तासाची मुलं आत जायला लागली होती. त्या गर्दीत मिसळल्या आणि मला त्यांची पाठही दिसेनाशी झाली.

आता पुढचं सांगायला जड जातं. मी गप्प बसायला हवं होतं. पण घरी आल्यावर मला चैन पडेना. एवढी सच्ची बाई, आणि आईच्या घरात गुन्हेगारासारखी जेवते. मला वाटलं, मी साक्षीदार आहे, मी सांगितलं तर माय-लेकींचं तुटलेलं जुळेल. म्हणून एका रविवारी मी एकटाच बिलोलीची एसटी पकडली.

म्हातारी ओट्यावर तूर पाखडत होती. मला ओळखलं, पाणी दिलं, या खेपेला काही विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. दोन तुकडे, तिसरा दिवस, क्षार, पुन्हा पुन्हा केलेलं काम. बापाची उमेद मोडू नये म्हणून परवानगीचं निमित्त. तिने सूप थांबवलं.

"म्हंजी लेप नव्हताच?"

"होता, आई. पण चालत नव्हता."

"त्येंला ठावं व्हतं?"

"नाही."

"अन् तिला?"

"तिला पहिल्यापासून."

ती सुपातला एकेक खडा वेचून बाजूला टाकायला लागली. मी वाट बघत होतो, की आता रडेल, लेकीला फोन लावायला सांगेल. ती म्हणाली, "मंग इतकी वरसं ती काय करून राहिली व्हती, भाऊ?"

मी रिकामा तांब्या खाली ठेवला.

"लगीन केलं न्हाई. घर केलं न्हाई. पक्की नोकरी न्हाई. मी रागावली तिच्यावर, लई रागावली. पर बाया इचारायच्या तवा सांगायची, लेप केला माझ्या लेकीनं. दिला न्हाई, पर केला. मला वाटायचं, लेप तरी केला."

तिने सूप बाजूला सारलं आणि आत निघून गेली. मी ओट्यावर थोडा वेळ बसून होतो. मग उठून फाट्याकडे चालायला लागलो.

तीन दिवसांनी मॅडमचा मोबाइलवर संदेश आला. एवढाच: "मामा, का सांगितलंत?"

मी लांबलचक उत्तर लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुसलं. शेवटी लिहिलं, "चुकलं माझं, मॅडम." खाली दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे त्यांनी ते वाचलं. क्लासमध्ये चौकशी केली तर म्हणाले, त्या सोडून गेल्या, कुठे ते माहीत नाही. गावातल्या घराला कुलूप आहे. माय-लेकी एकत्र आहेत की दोघी दोन दिशांना, हेही मला कुणी सांगू शकलं नाही.